कुपवाडची भट्टी आणि दोन गावांचं आभाळ

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. रिपोर्टमध्ये जे जे लिहिता येत नाही, ते आपोआप किस्सा होतं. रिपोर्ट बाराव्या पानावर अडलाय आणि किस्से थांबायला तयार नाहीत. कुणी पाहुणा चहाला आला की सुभेदार एक सांगतात, त्यात चूक काढायला नंदाताई दुसरा सांगतात, आणि त्या दोघांत खरं काय झालं होतं ते सांगायला मला तिसरा सांगावा लागतो!

ऑफिस म्हणजे कवठेमहांकाळच्या रस्त्यावर टायरच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन. मी कऱ्हाडची, परदेशात पाच वर्षं हवामान धोरण शिकून परत आलेली. सुभेदार साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. ते आमची जीप चालवतात. नंदाताई खडकवस्तीच्या, मेंढपाळांच्या घरातल्या. त्या गावोगाव सर्व्हे करतात. शिवाय आमचे प्रमुख, पुण्याचे सर आहेत, पण ते लॅपटॉपच्या पडद्यात राहतात.

आमचं काम साधं आहे. जग तापलंय, म्हणून माणसाने आता आभाळातच हात घालावा असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. कुणी म्हणतं उंचावर बारीक कण फवारून ऊन कमी करू, कुणी म्हणतं ढगांना पाऊस पाडायला लावू. तर हे करायचं का, आणि करायचं तर कुणाला विचारून? या प्रश्नासाठी मी परत आले. आमच्या वाट्याला त्यातला सगळ्यात छोटा तुकडा आला होता: डोंगरावर एक भट्टी पेटवायची, मिठाचे बारीक कण धुरावाटे ढगात सोडायचे आणि पाऊस वाढतो का ते बघायचं.

नोकरी धरतानाच मी अट घातली. ज्या ज्या गावावरून तो ढग जाणार, त्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेची संमती हवी. एकाही गावाने नाही म्हटलं तर भट्टी पेटणार नाही.

सर म्हणाले, "एक ना-हरकत पत्र घेऊन टाकू ना!"

मी म्हटलं, "सर, आभाळ ना-हरकतीवर चालत नाही!"

मी अशी वाक्यं बोलते. इलाज नाही.

गावं दोनच होती. खडकवस्ती ज्वारीचं, शेजारचं सोनमळे द्राक्षांचं. सप्टेंबर संपता संपता खडकवस्तीला पेरणीसाठी पाऊस हवा असतो. नेमकी तेव्हाच सोनमळ्यात द्राक्षांची छाटणी झालेली असते, आणि कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डावणी रोग येऊन बाग हातची जाते. म्हणजे ढग एकच. एक गाव त्याला हात जोडणार, दुसरं त्याच्यावर हात उगारणार!

यात आमच्या नंदाताई सापडल्या होत्या. ज्वारी पेरली तर घरात वैरण होते आणि त्यांचे मालक बिरूभाऊ मेंढरांसकट गावात राहतात. पेरणी हुकली तर कळप घेऊन नदीकाठाला, आठ महिने. सलग दोन वर्षं हुकली होती. "दोन वर्सं झाली, नवरा फोनवरच बघतीय," असं त्या हसत हसत सांगायच्या, आणि मग उगीचच फॉर्म नीट रचत बसायच्या.

मी त्यांना बजावलं होतं, "नंदाताई, सर्व्हे करणाऱ्याने बाजू घ्यायची नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "बाजू घेत न्हाई. पर देवाला पावसाचं सांगायचं का न्हाई, तेवढं लिहून द्या."

*

भट्टी करून घ्यायला मी कुपवाडला गेले. शौकतभाई मेस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये बेदाणा निवडायची मशिनं आणि कडबाकुट्टी यंत्रं तयार होतात. त्यांनी माझं ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं.

"ताई, बेकरीची का गुऱ्हाळाची?"

"पावसाची."

शौकतभाईंनी ग्राइंडर बंद केला. मग मागच्या दोघांनाही बंद करायला लावला.

"म्हंजे धूर वर जानार, अन् पानी खाली येनार?"

"येईलच असं नाही. शक्यता थोडी वाढेल."

"मग मी गॅरंटी कसली देऊ?"

"भट्टीची द्या की."

"भट्टीची एक वर्स देतो. ढगाची न्हाई. ढग आमच्या शॉपमदी तयार हुईत न्हाई."

आठवड्याने भट्टी बघायला गेले. काम सुरेख झालं होतं. वर्कशॉपच्या दारावरची पाटीही नवीन रंगवलेली होती:

"आमचे येथे बेदाणा मशीन, कडबाकुट्टी, लोखंडी गेट व पाऊस ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल."

*

ऑगस्टमध्ये सरांनी तज्ज्ञांची बैठक ठेवली. विषय 'पर्जन्यछायेतील पाणीटंचाई'. ठिकाण महाबळेश्वर!

दोन दिवस आम्हाला समोरचा डोंगर दिसला नाही. हॉटेलच्या पत्र्यावर असा पाऊस वाजत होता, की वक्ते "पाण्याची तीव्र कमतरता" हे शब्द ओरडून सांगत होते आणि मागच्या रांगेतले कानामागे हात लावून "कशाची? कशाची?" विचारत होते. मग वीज गेली. मग रस्त्यावर झाड पडलं.

परत निघताना टॅक्सीवाल्याने विचारलं, "मीटिंग कशाची हुती, ताई?"

"पाऊस कसा पाडायचा याची."

त्याने वायपरकडे बघितलं. मग आरशातून माझ्याकडे बघितलं.

"हितं?"

"नाही हो, आमच्या पूर्वेकडे. तिकडे पाऊस नाही ना."

"मग मीटिंग तिकडं घ्यायची की! का तिकडं कॉर्न पॅटिस मिळत न्हाई?"

माझ्या हातात तेव्हा नेमकं कॉर्न पॅटिसच होतं!

*

खडकवस्तीत माहितीसभा घ्यायची होती. देवळाच्या स्पीकरवरून दोन वाक्यं सांगा, एवढंच काम मी सुभेदारांना दिलं. पण सुभेदारांच्या अंगातून फौज अजून गेलेली नाही. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्या गावाला ऐकवलं:

"उद्या सकाळी ठीक दस बजे ढगांच्या संदर्भात कारवाई होईल. नागरिकांनी घाबरू नये!"

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही सतरंजी अंथरून बसलो. गल्लीत चिटपाखरू नाही. दोऱ्यांवरचे कपडे आत. शेळ्या आत. पोरं आत. एका दाराच्या फटीतून एक डोळा तेवढा आमच्याकडे बघत होता.

सभेला एकच माणूस आला. पांढरा पटका, हातात काठी. मला भरूनच आलं. मी त्यांना अर्धा तास सगळं समजावलं: ढग, कण, संमती, गावाचा हक्क. ते मान डोलवत होते. मध्येच "व्हय, व्हय" म्हणत होते. मी सुभेदारांना म्हटलं, "बघा! एक माणूस जरी असा भेटला तरी काम सार्थकी लागतं."

तेवढ्यात नंदाताई आल्या. "ताई, ह्ये आमचं चुलतसासरं. त्यास्नी अजिबात ऐकू येत न्हाई. रोज दहाला हितं पारावर बसत्यात!"

*

फॉर्ममधला माझा लाडका प्रश्न नववा होता. त्यासाठी मी तीन रात्री जागले होते. 'आकाशाबाबतचा निर्णय कोणी घ्यावा? (अ) गाव, (आ) जिल्हा, (इ) देश, (ई) संपूर्ण जग.'

नंदाताई हा प्रश्न घेऊन एका बाईंकडे गेल्या. बाई अंगणात मटकीच्या शेंगा वाळत घालत होत्या. नंदाताईंनी चारही पर्याय दोनदा वाचून दाखवले.

"ह्येच्यात न्हाई," बाई म्हणाल्या.

"काय न्हाई?"

"उत्तर. ज्याची मटकी बाहीर पडलीया, त्यानं ठरवावं."

नंदाताईंनी फॉर्मवर स्वतःच्या हाताने 'उ' पर्याय वाढवला. आणि पुढच्या सगळ्या घरांत पाचही पर्याय वाचले. माझ्या सर्व्हेचा निकाल असा: अ, आ, इ, ई मिळून सात. उ, अख्खी खडकवस्ती!

सरांनी विचारलं, "मटकी म्हणजे नक्की कोणता स्टेकहोल्डर?"

*

सोनमळ्यात बापूंचा शब्द चालतो. द्राक्ष बागायतदार, मोठी मिशी, मोठा ट्रॅक्टर. त्यांच्या पडवीत बसून मी ऊन कमी करण्याची कल्पना सांगत होते. बापूंनी ती माझ्या प्राध्यापकांपेक्षा लवकर पकडली.

"म्हंजे आभाळाला ब्लोअर मारायचा. आमी बागंला औषध मारतो तसा."

"अगदी तसंच!"

"कितींदा?"

"कायम. मध्येच थांबलं तर इतकी वर्षं रोखलेली उष्णता थोड्याच वर्षांत वाढायची."

"अन् ब्लोअरवाला रुसला तर?"

मी खुर्चीतून उठलेच. "बापू, हाच तर प्रश्न आहे! चालवणार कोण, थांबवणार कोण, एका देशाला जास्त गारवा हवा आणि दुसऱ्याला कमी, तर ऐकायचं कुणाचं? जगात यावर नीट नियमच नाहीत!"

आतून बापूंच्या बायकोचा, रत्नाकाकींचा आवाज आला.

"आवं ताई, आमच्या घरात पंखा एक, माणसं चार. बटन ह्यांच्या हातात! ह्यास्नी गार वाजलं की आमी समद्यांनी उकडत बसायचं. आदी ह्येचा निकाल लावा, मग आभाळाकडं जावा!"

बापू मिशीवर हात फिरवत उठले, आत गेले आणि पंखा एकने वाढवला.

हवामानाच्या वाटाघाटी मी पुस्तकांतून खूप वाचल्या होत्या. यशस्वी झालेली ही पहिलीच पाहिली!

*

सप्टेंबरअखेर भट्टी कुपवाडहून निघाली. डोंगरावर चढवायची वेळ येईपर्यंत ती खडकवस्तीच्या शाळेत ठेवायची होती, आणि रस्ता सोनमळ्यातून जातो. जीपच्या ट्रॉलीत भट्टी, वर काळी ताडपत्री. सकाळभर कडक ऊन होतं. सोनमळ्याच्या चौकात सुभेदार चहाला थांबले, आणि आभाळ भरून आलं.

वीस मिनिटं पडला. फक्त सोनमळ्यात! एक किलोमीटरवर खडकवस्तीच्या हद्दीत धूळसुद्धा भिजली नाही.

आम्ही चहा संपवून बघतो तर रस्त्यावर तीन ट्रॅक्टर आडवे. समोर बापू आणि पंधरावीस बागायतदार.

"कवा पेटवली?" बापूंनी विचारलं.

"पेटवलीच नाही बापू! तुमची संमती कुठे झालीय अजून?"

"खोटं बोलू नका ताई. गाडी आली, पाऊस आला!"

सुभेदार पुढे झाले. "अरे भट्टी एकदम गार आहे. हात लावून खात्री करा!" आणि त्यांनी मोठ्या तोऱ्यात ताडपत्री वर केली.

एका गड्याने आत हात घातला.

"आई गं!"

सकाळभर काळ्या ताडपत्रीखाली भाजलेलं लोखंड ते. त्याच्या बोटांना चांगलाच चटका बसला.

"उन्हानं तापलीय ती, उन्हानं!" सुभेदार ओरडले.

बापूंनी भिजलेल्या मिशा पुसल्या. "सुभेदार, भर पावसात ऊन कुठनं आलं?"

कशीबशी सुटका करून खडकवस्तीला पोचलो. नंदाताई कोरड्या आभाळाखाली उभ्या होत्या. बातमी आमच्याआधी पोचली होती.

"न पेटवता सोनमळ्यात पडला," त्या म्हणाल्या. "पेटवली असती तर कऱ्हाडात पडला असता काय?"

*

मग सोनमळ्याची ग्रामसभा. खडकवस्तीने आधीच दहा मिनिटांत संमती दिली होती. आता फक्त हे गाव उरलं होतं, आणि पेरणीचे बोटांवर मोजण्याएवढे दिवस. त्या सकाळी बिरूभाऊंनी घोड्यांवर बिऱ्हाड चढवायला घेतलं होतं. नंदाताई तरी कामावर आल्या. फॉर्म वाटले, पाणी वाटलं, मागे जाऊन बसल्या.

मी जे खरं होतं ते सांगितलं. पाऊस पडेलच असं नाही, किती पडेल सांगता येत नाही, कुठे पडेल तेही नक्की नाही. माझ्या प्रामाणिकपणाचा परिणाम व्हायचा तो झाला. चटका बसलेला गडी पुढेच पट्टी बांधून बसला होता!

हात वर झाले. सगळे नकाराचे.

"ठीक आहे," मी म्हटलं. "गाव नाही म्हणालं. भट्टी पेटणार नाही."

हे वाक्य मी पाच वर्षं मनात घोळवलं होतं. ते बोलताना मागे बघायचं नाही, असं ठरवलं होतं. पण बघितलंच. नंदाताई उरलेले फॉर्म मोजत होत्या. एकदा मोजून झाले, पुन्हा मोजायला लागल्या.

बापूंना मात्र चैन पडेना. "एवढ्यात मानलं? मग भट्टी परत नेनार का?"

सुभेदार ताठ उभे राहिले. "परत न्यायचा ऑर्डर नाही. भट्टी शाळेतच तैनात राहील."

सभेत कुजबुज सुरू झाली. बापू नंदाताईंकडे वळले. "अन् तुमच्या पेरनीचं काय, बाई?"

नंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. "ताई, बोलू का? का त्येबी बाजू हुईल?"

"बोला," मी म्हटलं.

"काय न्हाई बापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "पेरनी न्हाई झाली. मानसं मेंढरं घिऊन जात्यात. भट्टी ऱ्हाती."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. उपसा योजनेचा एक फाटा सोनमळ्यातून जातो आणि खडकवस्तीत संपतो. कालव्याला पाणी सुटलं की पहिली पाळी टोकाच्या गावाची, असा नियम आहे. नियम कागदावर आहे आणि पाणी सोनमळ्यात आहे. खडकवस्तीला आजवर फाट्याची ओल तेवढी दिसलेली!

बापूंनी चौघांना जवळ घेतलं. कुजबुजीतून तुकडे ऐकू येत होते. "पेरनी न्हाई तर रिकामं गाव..." "शाळंत कोन बघनार..." "एक काडी लागती रं..."

मग बापू मोठ्याने म्हणाले, "ग्रामसेवक, लिवा. भट्टीला गावाची संमती न्हाई. अन् ह्या टायमाचं फाट्याचं पानी पयलं खडकवस्तीला. आठ दिस आपल्या मोटारी बंद."

"बापू, आठ दिस?" कुणीतरी कळवळला.

"गप रं! पानी दिलं तर बाग आठ दिस तान धरंल. आभाळ फुटलं तर बागंत काय ऱ्हाईल, तुझी मिशी?"

तिसऱ्या दिवशी नंदाताईंचा फोन आला. मागे पोरांचा आणि पाण्याचा आवाज एकत्र येत होता.

"ताई, टोकाला पानी आलं! मालकांनी घोडी मोकळी केली. आता रोज दोन येळंला चार भाकरी जास्ती थापाव्या लागत्यात. ह्येचा सर्व्हे कवा करताय?"

*

सरांना मीटिंगमध्ये सांगायचं होतं.

"पेरणी झाली?" सरांनी विचारलं.

"अख्ख्या खडकवस्तीत, सर."

"एक्सलंट! पाऊस किती पडला?"

"शून्य."

"मग भट्टी किती तास चालली?"

"चाललीच नाही, सर."

पडद्यावर सर गोठले. आधी वाटलं नेटवर्क गेलं. पण भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता.

"मग पेरणी कशामुळे झाली?"

"संमती न मिळाल्यामुळे, सर."

रिपोर्ट बाराव्या पानावर अडलाय तो इथेच.

*

परवा जतकडून दोघे जण आले. सीमेवरच्या एका गावचे सरपंच आणि त्यांचे सोबती. दोघांनी चपला दाराशी काढल्या, खुर्चीच्या काठावर बसले. चहा नको म्हणाले, मग प्यायले.

"अक्का, तुमची ती भट्टी आमच्याकडं मिळंल काय?"

मला इतका आनंद झाला! कुणीतरी आपणहून आलं होतं. मी फळा ओढला, खडू घेतला आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. आधी दोन्हीकडच्या ग्रामसभा. वाऱ्याची दिशा. धुरात काय असतं, काय नसतं. पाऊस पडला तर जबाबदारी कुणाची, दुसरीकडे पडला तर कुणाची. शेजारचं एक गाव जरी नाही म्हणालं तरी भट्टी पेटणार नाही, हे मी फळ्यावर दोनदा अधोरेखित केलं.

सरपंचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी सोबत्याकडे बघितलं, सोबत्याने मान हलवली, आणि सरपंच खुर्चीवर जरा पुढे सरकले.

"समदं पटलं, अक्का. पर पेटवायची कुनाला हाय? कालव्यावर आमच्या वरच्या गावाच्या येशीवर दोन दिस नुसती हुबी करायची हाय."